गुडघ्यापासून सोळा मीटर

सासुरवाडीत ज्याला कुणी विचारत नाही अशा जावयाला एकदाचं विचारलं, की त्याचं डोकं कसं फिरतं हे बघायचं असेल तर उस्तादकडे बघावं. क्रेनच्या यार्डात सगळे त्याला उस्ताद म्हणत. सासुरवाडीत मात्र तो नुसता 'थोरलीचा नवरा'. थोरली म्हणजे त्याची बायको. तिची धाकटी बहीण पावाची बेकरी चालवायची. धाकटीने नवी भट्टी घेतली, लोखंडी आणि अवाढव्य. ती बसवायची घरामागच्या अंगणात, आणि तिकडे जायचा बोळ एवढा चिंचोळा की सायकलसुद्धा तिरकी करून न्यावी लागे. भट्टी घरावरून उचलून पलीकडे ठेवण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा थोरली सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मग आमचे हे कशाला आहेत? ह्यांनी पूल उचललेत, पूल! तुझ्या भट्टीचं काय घेऊन बसलीस?"

पूल वगैरे काही नव्हता. एका ओढ्यात टाकायचे सिमेंटचे पाइप होते. पण बायकोने माहेरी आपल्या नावावर मान ताठ करायची ही पहिलीच वेळ. पाइपांचा पूल झाला तर झाला, असं म्हणून उस्ताद गप्प बसला. गप्प कसला, अंगावर मूठभर मांस चढलं त्याच्या! आता काहीही होवो, पण हिची मान खाली जाता कामा नये, एवढं एकच त्याने मनाशी धरलं.

आदल्या दिवशी दुपारी त्याने क्रेन आणून घरासमोर उभी केली. धाकटीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, शाळेत भूगोल शिकवायचा, आणि शाळा सुटली तरी शिकवायचं थांबायचा नाही. "काय साडूभाऊ, क्रेनवर तर पंचवीस टन लिहिलंय. भट्टी पावणेतीन टनांचीसुद्धा नाही. म्हणजे हातचा मळच की!"

झालं! उस्तादला तेवढंच हवं होतं.

"मास्तर, ते पंचवीस टन म्हणजे दारावरची पाटी. भरलेली बादली पोटाशी धरा, काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरा, खांदा निखळतो. क्रेनचंही तसंच." मग त्याने केबिनमध्ये चिकटवलेला लोड चार्ट सगळ्यांना दाखवला. डाव्या बाजूला अंतर, वरच्या बाजूला बूमची, म्हणजे क्रेनच्या लांब हाताची, लांबी. दोन्हींच्या रेघा जिथे भेटतात तिथला आकडा म्हणजे उचलता येईल तेवढं वजन. आणि त्या वजनात भट्टी एकटी नसते, हे सांगताना तर तो भलताच रंगात आला. हुकाचं वजन, पट्ट्यांचं, वरच्या लोखंडी दांडीचं, सगळं त्यात धरायचं. "पाहुणा एकटाच येतो म्हणून कळवतो आणि रिक्षातून मागोमाग चार पोरं उतरतात, तसं," तो म्हणाला. सासूबाई हसल्या. त्याच्या विनोदाला, सासूबाई! इथेच घात झाला.

कारण अंतर मोजायचं अजून बाकी होतं. ते मोजायचं क्रेन ज्या मध्याभोवती गोल फिरते, त्या मध्यापासून. हे उस्तादला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण त्या मध्यापाशी पोचायचं म्हणजे बूमखाली ग्रीसमध्ये रांगायचं. अंगात इस्त्रीचा शर्ट, समोर सासूबाई. इथे केबिनमधल्या खुर्चीत तो कसा शोभून दिसत होता! त्याने फितीचं एक टोक आपल्या गुडघ्यावर दाबून धरलं आणि दुसरं साडूच्या हातात देऊन त्याला मागे पिटाळलं. फीत पुढच्या दारातून आत गेली, मागच्या दारातून बाहेर पडली, आणि भट्टी ठेवायच्या ओट्याशी जाऊन थांबली.

"सोळा मीटर!" साडू आतून ओरडला.

उस्तादने चार्टवर बोट फिरवलं. सोळा मीटरला तीन टन चारशे किलो. भट्टी, हुक, पट्टे, दांडी मिळून तीन टन शंभर. "होतंय," तो म्हणाला, परीक्षेचा निकाल जाहीर करावा तसा. थोरलीने धाकटीकडे असं काही बघितलं, की त्या बघण्यावर उस्तादने आनंदाने जीव ओवाळून टाकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली दोन्हीकडून बंद केलेली. गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. सासूबाई फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या. क्रेनचे चारही पाय पूर्ण बाहेर काढून जाड फळ्यांवर टेकवलेले, आणि खुणा करणारा जोडीदार छपरावर चढलेला. भट्टी खाली उतरताना गरगर फिरू नये म्हणून तिला बांधलेला दोर अंगणातून कुणीतरी धरायचा होता. ते काम साडूने मागून घेतलं होतं. उसनं हेल्मेट उलटं घालून तो निघण्याच्या तयारीत होता. उस्ताद केबिनमध्ये चढला आणि त्याने खुर्ची पुढे ओढून घेतली.

थोरली पाण्याची बाटली द्यायला शिडीवर आली. "अहो, काल फीत तुमच्या गुडघ्यावर होती ना?"

"होती. मग?"

"आत्ता तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. म्हणजे अंतर कमी झालं की नाही?" तिने अगदी कौतुकाने विचारलं. "मग आता कालच्यापेक्षा जास्त वजन उचलेल?"

काय हा बायकांचा प्रश्न, म्हणून उस्ताद हसायला गेला, आणि एकदम खाली आपल्या गुडघ्याकडे बघू लागला. खुर्ची पुढे-मागे केल्याने जर क्रेनची ताकद बदलत असेल तर उद्या पाठीमागे उशी घेऊन त्याने डोंगर उचलला असता. वा रे उस्ताद! अख्खी क्रेन तुझ्या गुडघ्याभोवती फिरते असं वाटलं होय रे तुला?

तो खाली उतरला. काल जे रांगायचं टाळलं ते आज भरल्या गल्लीसमोर रांगला. मध्यापासून कालच्या गुडघ्याच्या जागेपर्यंत दीड मीटर भरलं. म्हणजे साडेसतरा. चार्टमध्ये सोळानंतर एकदम अठराच, आणि अंतर दोन ओळींच्या मध्ये पडलं की पुढची ओळ धरायची, कमी वजनाची. अठराला दोन टन आठशे. तीनशे किलो जास्त होत होते.

क्रेन पुढे घेता येत नव्हती. पुढ्यात धाकटीचं पिठाचं तळघर होतं. त्याच्यावर पाय टेकवला असता तर क्रेनसकट पिठात. चार्ट बनवणारे थोडं हातचं राखून आकडे लिहितात, असं यार्डात सगळेच म्हणत. उस्तादही म्हणायचा. पण दोर धरायला खाली साडू उभा राहणार. साडूच आहे ना, असा एक विचार मनात डोकावला, आणि जेवढा वेळ तो टिकायला हवा होता त्याहून अंमळ जास्तच टिकला. मग त्याने साडूकडे बघितलं. तो उलट्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावायची मनापासून खटपट करत होता. उस्तादने हातातली फीत गुंडाळून टाकली.

"आज जमणार नाही," तो म्हणाला.

"का हो भाऊजी?" धाकटी म्हणाली.

"वारा आहे."

साडूने बोट ओलं करून वर धरलं. "पानही हलत नाहीये, साडूभाऊ." भूगोलाच्या मास्तरला वारा शिकवायला निघालेला हा दुसरा शहाणा! नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगण बिचारं सरळ होतं.

"वाऱ्याचं सोडा. ते अंतर... काल फीत नीट ताणली गेली नाही बहुतेक."

हे तोंडातून गेलं खरं. साडूचा चेहरा एकदम उतरला. "माझ्याकडून चूक झाली का? मी ओढून धरली होती हो... की सैल पडली असेल?"

"एक काम धड होत नाही ह्यांच्याकडून!" धाकटी नवऱ्यावर कडाडली. "सगळी गल्ली गोळा केलीय मी!" सासूबाईंनी धाकट्या जावयाकडे जसं बघितलं, तसं त्या आजवर फक्त थोरल्याकडे बघायच्या.

सुटला की! काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. थोरलीची मान ताठ राहिली असती. तिला गुडघ्याचं माहीत होतं. ती शिडीपाशी उभी राहून खाली बघत होती, आणि तिने तोंड उघडलं नसतं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने आजवर कधीच उघडलं नव्हतं. साडू मात्र हातातला दोर गोल गुंडाळत, पुन्हा उलगडत, शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होता. उस्तादला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी, कानशिलं तापवणारी.

"मास्तरांचं काही चुकलं नाही," तो मोठ्याने म्हणाला. "माझं चुकलं. मध्यापासून मोजायचं, ते मी माझ्या गुडघ्यापासून मोजलं. आणि खाली उतरलो नाही ते शर्ट मळेल म्हणून."

मग वरच्या गॅलरीतून कुणीतरी "गुडघ्यापासून!" म्हणून खिंकाळलं, आणि सगळी गल्ली हसत सुटली. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जावईबापू, गुडघा तरी शाबूत आहे ना?" छपरावरचा जोडीदार पोट धरून खालीच बसला. साडू तेवढा हसला नाही. त्याने येऊन उस्तादच्या शर्टावरचं ग्रीस रुमालाने पुसायचा प्रयत्न केला आणि डाग दुप्पट केला.

मोठी क्रेन मिळेल त्या दिवशी पाठवायचं कबूल करून उस्तादने पाय आत घेतले, बूम आडवी केली. निघताना थोरली गाडी चालवायच्या पुढच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसली. समोर बघत, गप्प.

"तुझं नाक कापलं मी," तो म्हणाला. "तू एवढं बोललीस माझ्याबद्दल, आणि मी माती खाल्ली."

"त्यासाठी नाही गप्प मी." तिचा आवाज जड झाला होता. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द तुमच्या तोंडून ऐकायला बसलेय. आज ऐकले. तेही भट्टीसाठी."

उस्तादने चावी फिरवायला घातलेला हात तसाच ठेवला. काचेबाहेर साडू हेल्मेट काढून हात हलवत होता, आणि त्याला उलट हात करायचंही उस्तादला सुचलं नाही.

"कशाकशाबद्दल म्हणायचं राहिलंय?" त्याने अखेर विचारलं.

"गाडी सुरू करा," थोरली म्हणाली आणि बाटलीतलं पाणी प्यायली. "तुमची ही क्रेन काही जोरात पळत नाही, घर येईपर्यंत वेळ आहे. पहिल्यापासून सांगते."