लाल ठिपक्याची चिप

थोरल्याने मास्तरांचा उजवा हात कामाच्या बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यांत कोंबला आणि ते आवळणाऱ्या दांड्याला एक फेरा दिला. मास्तर ओरडले नाहीत, फक्त त्यांचा श्वास बाहेर पडला. भुवई आधीच फुटली होती, चष्मा पायाखाली चुरडला गेला होता, आणि लॅपटॉप तर थोरल्याने आल्या आल्याच भिंतीवर भिरकावला होता. गॅरेजचं पुढचं शटर त्याने आतून ओढून घेतलं होतं.

आवाज ऐकून मास्तरांची बायको घराकडच्या दाराने अनवाणीच धावत आली.

"भाऊजी, सोडा त्यांना!"

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका. माझा भाऊ गेलाय."

धाकटा गेला हे तिला माहीत होतं. शर्यत ऐन रंगात असताना गाडीच्या इंजिनातला पिस्टन वितळला, तेलाने पेट घेतला आणि गाडी कठड्यावर आदळली. त्याला बाहेर काढलं तेव्हा तोंड पाहण्यासारखंही उरलं नव्हतं. आणि गाडीत चिप होती ती मास्तरांच्या हातची.

मास्तरांचं काम म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे कान पिळणं. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे आकडे बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये भरायचे, गाडी पळवून बघायची, पुन्हा आकडे बदलायचे. दर बदलाला नवी चिप. आधीची कुठली आणि नंतरची कुठली हा घोळ नको, म्हणून प्रत्येकीवर बायकोच्या नेलपॉलिशचा वेगळा ठिपका. तिच्या आरशासमोर एक बाटली धड राहत नसे. "सरळ नंबर लिहा की," असं ती कितीदा तरी वैतागून म्हणाली होती. शाई तेलाने पुसते, मास्तर म्हणायचे, रंग आंधळ्यालाही कळतो.

हे दोघे भाऊ म्हणजे घरचीच गिऱ्हाइकं. धाकटा गाडी चालवायचा, थोरला ती उघडून पुन्हा जोडायचा. वायरिंगला मात्र धाकटा त्याला बोट लावू देत नसे. "तू नट आवळ, तारा माझ्याकडे," असं म्हणून खांद्याने ढकलायचा, आणि हा एवढा रेड्यासारखा माणूस हसत बाजूला व्हायचा. दोघांनी तिच्या हातचा चहा प्यायला होता, कपबशाही विसळून ठेवल्या होत्या. आता त्याच हातांनी तो तिच्या नवऱ्याची बोटं चिरडत होता.

"बोल. काय भरलं होतंस त्या चिपमध्ये?"

"हिरवी काढून टाक म्हणालो होतो," मास्तर दात आवळून म्हणाले. "हिरवीत पेट्रोल कमी पडतं, इंजिन जळतं. तिच्या जागी लाल बसव म्हणालो होतो."

"लालच बसवली! धाकटा नाव नोंदवायला गेला होता. मी, माझ्या या हातांनी हिरवी काढली आणि लाल बसवली!"

त्याने दुसरा फेरा दिला. हाड मोडल्याचा आवाज तिलाही ऐकू आला आणि या वेळी मास्तर गुरासारखे ओरडले. तिने हाताला लागला तो पाना उचलून थोरल्याच्या पाठीत घातला. त्याने वळूनही न बघता कोपराने तिला मागे लोटलं. ती रॅकवर आपटली, नटांचे डबे कोसळले, तिचा ओठ फुटला.

थोरल्याने खिशातून दोन चिपा काढून बाकावर आपटल्या.

"ही काजळीची, जळक्या गाडीतली. लाल! आणि ही हिरवी, तुमची तुम्हाला परत द्यायची म्हणून जपून ठेवली होती. बघा, डोळे फुटले नसतील तर!"

ती उठून बाकाशी आली. काजळीखालचा ठिपका हिरवा होता. कोऱ्या करकरीत चिपवरचा लाल होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. रक्ताने एक डोळा बंद झाला होता, पण दुसऱ्याने त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. सांगू नकोस.

थोरल्याचा हात पुन्हा दांड्यावर गेला. नवऱ्याचा हा चांगुलपणा तिला त्या क्षणी संतापजनक वाटला.

"भाऊजी, जळकी चिप हिरवी आहे."

"खोटं बोलताय."

"खिशातली लाल आहे. तुम्ही जी काढली तीच परत बसवलीत."

त्याने दोन्ही चिपा उचलल्या आणि खिडकीच्या उजेडात नेल्या. बराच वेळ तो त्या उलटसुलट करत राहिला.

"एक जरा मळकी आहे, एवढंच," तो म्हणाला. आवाजातला जोर गेला होता. भिंतीवर तारांचा जुडगा लटकत होता. त्यातली एक त्याने चिमटीत धरली. "ही?"

"लाल."

"आणि ही?"

"हिरवी."

त्याने दोन्ही तारा डोळ्यांजवळ नेल्या, मग हळूच सोडून दिल्या.

"तारा माझ्याकडे," तो पुटपुटला. "त्याला ठाऊक होतं. मेला मला कधी बोलला नाही."

मग तो बाकाशी आला. त्याने व्हाइस सैल केला, मास्तरांचा हात खालून आधार देऊन बाहेर काढला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मास्तरांनी हात छातीशी धरला. "मीच नंबर लिहायला हवे होते," ते म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

थोरल्याने आपला उजवा हात रक्ताने चिकट झालेल्या जबड्यांत ठेवला आणि डाव्या हाताने ते हातावर टेकेपर्यंत आवळले.

"फिरवा, वहिनी."

तिने दांडा धरला. नवऱ्याची वाकडी झालेली बोटं तिच्यासमोरच होती, आणि फिरवावा असं तिला मनापासून वाटलं. कुणी तिला बोललंही नसतं.

तिने दांडा उलटा फिरवला. जबडे हातापासून सुटले, मग वीतभर उघडले. तो तिथेच उभा होता, हात आतच ठेवून.