इंजिन काय, शेवटी बसतंच

आमची गाडी चालली. घरापासून चौकापर्यंत, हॉर्न वाजवत, तीन माणसांना घेऊन चालली आणि चौकात जाऊन व्यवस्थित थांबलीसुद्धा. त्या तिघांपैकी एकाला आपण प्रवास करतोय याचा पत्ताच नव्हता.

हे झालेलं नाही. पोलिसांच्या वहीत तसं स्पष्ट लिहिलंय, आणि सरकारी वहीपेक्षा मी काही मोठा नाही. तेव्हा वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेलाच नाही असं धरू आणि पहिल्यापासून सुरुवात करू. गाडी चाललेली नाही. ती आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली विटांवर उभी आहे, आणि मला तिचा कंटाळा आलाय.

उत्साह हा केसांसारखा जातो. रोज थोडा थोडा जातो, आपण भांग बदलत राहतो, आणि एक दिवस फोटोत कळतं की भांग सोडून काही उरलेलंच नाही. आमच्या गल्लीत लोक एकमेकांना "कसं काय?" विचारतात, मला मात्र "गाडी कुठवर आली?" विचारतात. मी "आली, आली" म्हणायचो. मागच्या महिन्यात इस्त्रीवाल्याने हेच विचारलं तर मी अगदी मनापासून म्हणालो, "कुठली गाडी?" तो बिचारा हातातली इस्त्री तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. एका शर्टाचा बळी गेला.

गाडी माझी आणि मामाची. मी शाळेतून नुकता सुटलो होतो तेव्हा भंगारातून एक सांगाडा, चार चाकं आणि एक स्टिअरिंग आणलं आणि ठरवलं की उरलेली गाडी आपण बनवायची, जगात दुसरी नसेल अशी. ते खरं झालं. मी चाव्या-कुलपांचं दुकान चालवतो. मामा सोफे शिवतो. अशा दोघांना गाडी बनवायला मोकळं सोडलं तर काय तयार होतं? जगातली सगळ्यात आरामशीर तिजोरी.

सगळ्यात आधी मी चावी बनवली. गाडी नव्हती, पण चावी होती. मग दारांना कुलपं केली, एकेका दाराला तीन. मग स्टिअरिंगला असं कुलूप केलं की चावी फिरवल्याशिवाय ते तसूभरही हलू नये. सांगाड्याला बाकी काही नसताना कुणी चोरून नेऊ नये एवढीच माझी इच्छा. मामाने तोवर सीटा शिवल्या. त्या इतक्या मऊ झाल्या की घरातला सोफा लाजेने कोपऱ्यात सरकला. बाबा तेव्हापासून सकाळचा पेपर मागच्या सीटवर आडवे होऊनच वाचतात. दुसऱ्या पानापर्यंत वाचतात, मग पेपर त्यांना वाचतो.

इंजिन आणलं होतं. ते खोलून पाहिलं, आणि तेव्हापासून ते माझ्या पलंगाखाली बिस्किटांच्या डब्यांत राहतंय. दर वेळी मी विषय काढला की मामा म्हणायचा, "भाचेबुवा, इंजिन काय, शेवटी बसतंच! आधी आतल्या छताला कापड कुठलं लावायचं ते बोला."

ब्रेक मात्र उत्तम होते, कारण ते आईने बसवून घेतले. "जी वस्तू थांबत नाही ती माझ्या घरात नको," असं म्हणून तिने एक खरा मेकॅनिक आणला आणि काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. वर दर वर्षी ती ते तपासूनही घ्यायची. मेकॅनिक यायचा, उभी असलेली गाडी थांबते आहे ना हे बघायचा, आणि चहा पिऊन जायचा.

आता ती पहिली चावी. ती मी धाकट्या बहिणीला दिली होती. तेव्हा ती पाचवीत होती. "पहिली फेरी तुझी," असं मी म्हणालो होतो, आणि तिने चावी कंपासपेटीत ठेवली होती. पाचवी गेली, दहावी गेली, कंपासपेटी गेली. मग तिचा डिप्लोमा झाला. मग तिला दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली. अख्ख्या घरात इंजिनातलं कळणारी ती एकटीच निघाली, आणि तिला आम्ही कधी विचारलं नाही, कारण ती लहान होती.

ती निघणार त्याच सकाळी मी भंगारवाल्याला बोलावलं होतं. मुद्दाम नव्हे. त्याला तोच दिवस रिकामा होता.

धाकटी बॅग घेऊन बाहेर आली, पत्र्याखाली भंगारवाल्याला टेप घेऊन वाकलेलं बघितलं, आणि खिशातून चावी काढून माझ्यासमोर धरली.

"घे. त्यांना लागेल."

"राहू दे की तुझ्याकडे."

"कशाला? चावी माझ्याकडे आणि गाडी भट्टीत? माझ्या पहिल्या फेरीचं काय झालं विचारलं कुणी, तर काय दाखवू?"

"अगं, इंजिन..."

"शेवटी बसतंच," ती म्हणाली. मामा नखं बघायला लागला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बस किती वाजता आहे?" कुलपांच्या धंद्यात माणूस बोलायला थोडा कमी शिकतो.

तिने चावी परत खिशात टाकली. "जाऊ दे. जाता जाता एकदा बसून तरी घेते."

तेवढ्यात भंगारवाल्याने टेप गुंडाळली. "टेम्पो खाली चौकात उभा आहे," तो म्हणाला. "तुमच्या गल्लीत चढत नाही तो. उतरतो छान. गाडी तुम्ही खाली आणून द्या."

आमची गल्ली चांगली उताराची आहे. वरच्या टोकाला आमचं घर, मधे इस्त्रीवाल्यापाशी वळण, खाली चौक आणि चौकात बसथांबा. मामाने विटा काढल्या. हवा भरलेली होती, ती मामा हौसेने दर रविवारी भरायचा. मी स्टिअरिंगवर बसलो, धाकटी बॅग मांडीवर घेऊन शेजारी. ठरलं असं की मागून मामा, भंगारवाला आणि शेजारचे दोघे हळूहळू ढकलतील.

मामा म्हणाला, "एक, दोन..."

गाडी तीनची वाट बघत बसली नाही.

आधी शेड मागे सरकली. मग फाटक मागे सरकलं. मग आई मागे सरकली, ओरडत, "ब्रेक! अरे ब्रेक!" आणि मग मला जाणवलं की हे सगळं जागच्या जागी आहे आणि आपण निघालोय. दहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या गाडीच्या काचेतून पत्र्याची शेड सोडून काहीतरी दिसत होतं! एक भिंत गेली. एक स्कूटर गेली. बाल्कनीतून कुणीतरी किंचाळलं, "आली! गाडी आली!"

ब्रेकवर पाय ठेवायचा हे मला माहीत होतं. पाय ब्रेकच्या बरोब्बर वर होता. पण तो खाली जाईना. इतक्या वर्षांनी जी कुठेतरी जायला निघाली तिला अडवणारा मी कोण? छातीत काहीतरी फडफडलं. मला वाटलं हार्ट अॅटॅक. तो उत्साह होता. बरेच दिवस भेट नसल्यामुळे मी ओळखलं नाही.

मामा मागून धावत होता. "वळण! भाचेबुवा, वळण!"

समोर इस्त्रीवाला. त्याच्यापुढे टेबल, टेबलावर घड्या केलेल्या कपड्यांचा मनोरा. मी स्टिअरिंग फिरवलं. स्टिअरिंग फिरलं नाही. तसूभरही नाही. काय कुलूप केलं होतं! मला एक क्षण स्वतःचा अभिमान वाटला.

"चावी!" मी ओरडलो. "चावी दे!"

धाकटीने शांतपणे खिशात हात घातला आणि शांतपणे तिथेच ठेवला. "पहिली फेरी कुणाची?"

"अगं टेबल येतंय!"

"कुणाची?"

"तुझी! तुझी, बाई, तुझी!"

"मोठ्याने. मामाला ऐकू गेलं पाहिजे."

"पहिली फेरी धाकटीची!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की इस्त्रीवाल्याने टेबल उचललं आणि टेबलासकट दुकानात गेला. तिने चावी लावली, फिरवली, खट्ट झालं. तो खट्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. वळण घेतलं. काय वळण घेतलं! गाडी अशी झुकली, अशी डुलली, मामाच्या गाद्यांनी असा उसासा टाकला, की आम्ही दोघं वेड्यासारखे हसायला लागलो.

"हॉर्न वाजव!" ती म्हणाली.

"तू वाजव!"

तिने वाजवला. मामाने तो हॉर्न कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीवरून आणला होता. गल्लीतल्या खिडक्या एकदम उघडल्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. एकजण ब्रशने दात घासता घासता शेजारून धावला. धाकटीने बाहेर हात काढून सगळ्यांचा निरोप घेतला, पुढाऱ्यासारखा, आणि मी ब्रेक दाबला. आईचे ब्रेक! गाडी बरोब्बर बसथांब्याच्या खांबाशी थांबली, जणू वेळापत्रकात होती.

रांगेतल्या एक आजी पुढे आल्या. "ही कुठे जाते?"

"इथेच," मी म्हणालो.

"मग उपयोग काय?" असं म्हणून त्या परत रांगेत गेल्या.

मागच्या सीटवर खसफस झाली. पेपर खाली आला. बाबा. त्यांनी बाहेर बघितलं, चौक बघितला, बस बघितली, आणि शेवटचं पान उलटलं. "सांगायचं तरी," ते म्हणाले. "चपला घातल्या असत्या."

मामा आणि भंगारवाला धापा टाकत पोहोचले. भंगारवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं, धावण्याचं की कशाचं कळेना.

"टेम्पो तो समोर," मी म्हणालो, पण आवाजात दम नव्हता.

"नाही नेणार," तो म्हणाला.

"का?"

"चालती गाडी मी भंगारात घेत नाही. आजोबांपासूनचा नियम आहे. ह्या डोळ्यांनी चालताना बघितली."

"अहो, उतारावर तर कपाटसुद्धा चालतं!"

"मग तेही नाही घेणार."

एवढ्यात वाहतूक पोलीस आला, वही उघडूनच. "ही गाडी कुणी चालवली?"

सगळी गल्ली खाली जमली होती. तीच गल्ली, जी मला वर्षानुवर्षं टोमणे मारत आली. इस्त्रीवाला पुढे झाला. "चालवली? साहेब, ही गाडी चालतच नाही. हवं तर कुणालाही विचारा."

"दहा वर्षं झाली, चालत नाही," ब्रशवाला म्हणाला, फेसातून.

पोलिसाने बॉनेट उघडायला लावलं. आत घरातली जादा पांघरुणं होती. त्याने एक पांघरूण उचलून खाली बघितलं. खाली दुसरं पांघरूण होतं.

"मग ही इथे आली कशी?"

"आली नाही," मामा म्हणाला. "इथेच असते."

"आणि हे गृहस्थ?"

"मी पेपर वाचतोय," बाबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पोलिसाने बराच विचार केला आणि वहीत लिहिलं: सदर वस्तू चाललेली नाही, ती येथेच होती. खाली मामाची सही घेतली. मामाने ती इतक्या आनंदाने केली की कागद फाटला.

बस आली. धाकटीने बॅग उचलली, एक पाय पायरीवर ठेवला आणि वळून चावी माझ्याकडे फेकली. मी झेलली.

"झाली ना पहिली फेरी?" मी विचारलं.

"अर्धी झाली!" ती म्हणाली. "खाली काय, काहीही येतं, दादा. ते आमच्या कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात. फेरी म्हणजे जाऊन येऊन. मी सुट्टीत येईन, याच थांब्यावर उतरेन, आणि याच गाडीतून वर घरी जाईन. चालेल?"

"चालेल!" मी ओरडलो. हा शब्द गाडीबद्दल मी पहिल्यांदाच वापरला. बस गेली. मी आणि मामा एकमेकांकडे बघून नाचायला लागलो, भर चौकात. बाबांनी पाय आखडून घेतले.

त्या दिवसापासून उत्साहाला नुसतं उधाण आलंय. पलंगाखालचे डबे बाहेर काढलेत. त्यांतल्या एकात बिस्किटंच निघाली, म्हणजे इंजिनाचा एक डबा आम्ही कधीतरी पाहुण्यांपुढे ठेवला असावा. शोध चालू आहे. गाडी चौकातच आहे. भंगारवाला तिला नेत नाही कारण ती चालते, आणि पोलीस तिला हलवत नाहीत कारण ती तिथेच असते. मामाचं आणि माझं बोलणं झालं, आणि सुट्टीपर्यंत इंजिन बसवण्यापेक्षा एक उपाय सोपा पडेल असं आमचं एकमत झालं. अर्ज काल दिला. तो असा:

प्रति, माननीय प्रमुख अधिकारी, रस्ते विभाग.

विषय: गल्लीचा उतार तात्पुरता उलट करून मिळण्याबाबत.

महोदय, आमच्या गल्लीचा उतार सध्या घराकडून चौकाकडे आहे. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही, त्याचे काम उत्तम आहे. तथापि, माझी धाकटी बहीण सुट्टीत येणार असून तिची अर्धी फेरी आमच्याकडे बाकी आहे. तरी तिच्या येण्याच्या दिवशी, फक्त सकाळपुरता, सदर उतार चौकाकडून घराकडे करून देण्यात यावा. वळण आहे तिथेच राहू द्यावे. इस्त्रीवाल्याला टेबल आत घेण्याची पूर्वसूचना आम्ही देऊ. काम झाल्यावर उतार पूर्ववत करून घेण्यास आमची हरकत नाही. उतार पूर्ण उलट करणे शक्य नसल्यास निदान सपाट तरी करून मिळावा, ढकलायला माणसे आमची आहेत.

गाडीच्या ब्रेकविषयी विभागाने काळजी करू नये. ते दर वर्षी तपासले जातात.