काकूजवळची जागा

स्वयंपाकघरात झाकण खणकन पडलं. थोरलीनं आधी पाहिलं ते धाकट्या जावेच्या उजव्या हाताकडे. तो पोटाशीच होता. झाकण तिनं डाव्या हातानं उचललं.

"हात आहे की काचेचं भांडं?" थोरली पुटपुटली.

मनगट मोडलं त्याला चार महिने झाले होते. प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. तरी बाही घासली की धाकटी कळवळायची. आता नव्या डॉक्टरीणबाईंच्या तपासणीतही काही निघालं नाही तर तिला माहेरी पाठवायचं, असं तिच्या नवऱ्यानंच ठरवून टाकलं होतं.

लेक शाळेतून आली की थोरली तिच्या कानाशी लागायची. "जा, काकूजवळ बस. उजव्या हातानं काही केलं की मला येऊन सांग."

सहा वर्षांची चिमी इमानानं येऊन सांगायची, "आज पण नाही."

"तुझ्यासमोर कशी करेल? पक्की आहे ती."

नव्या डॉक्टरीणबाईंकडे थोरली मुद्दाम सोबत गेली. सोंग उघडं पडताना तिला तिथे असायचं होतं.

बाईंनी एक्स-रे बाजूला ठेवला. दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवायला लावले. उजवा सुजलेला, जांभळट, चकाकणारा.

"तुम्ही लावून बघा बोट," त्या थोरलीला म्हणाल्या.

तिनं बोट टेकवलं. हात गार पडलेला होता. धाकटीनं दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात मागे घेतला नाही.

"हाड सांधलं, नसा मात्र अजून मोडल्याचीच बोंब मारताहेत. सीआरपीएस म्हणतात याला. फोटोत दिसत नाही, म्हणून बायका खोट्या ठरतात." बाई लिहू लागल्या. "औषधं देते, व्यायामही. शिवाय रोज मऊ कापड हलकंच फिरवायचं. विश्वासातलं माणूस हवं. घरी कोण आहे?"

थोरलीनं तोंड उघडलं.

"चिमी," धाकटी म्हणाली. "ताईंची लेक. घरात तेवढीच संशय घेत नाही माझ्यावर. रोज आपणहून येऊन बसते."

घरी आल्यावर थोरलीनं जुन्या झबल्याचा तुकडा कापला. कसा फिरवायचा, ते लेकीच्याच हातावर दाखवलं. दोनदा दाखवलं. चिमीनं तुकडा घेतला, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आई, मी आधी का बसायचे, ते काकूला सांगून टाकू?"