टिल्डाच्या बोटांचं नाटक

टिल्डाच्या हातातून चमचा निसटला तो थेट आजोबांच्या सुपात. आजोबांनी तो काढला, रुमालाला पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"बोटं का गं?" आईनं विचारलं.

"बोटंच," टिल्डा इतक्या बारीक आवाजात म्हणाली की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खरं तर टिल्डाची बोटं गेल्या पाच वर्षांत वागली नव्हती इतक्या शहाण्यासारखी सध्या वागत होती. अकरावं वर्ष लागलं तेव्हा सांधे सुजायला लागले. शरीराचं स्वतःचंच सैन्य सांध्यांवर चाल करून जातं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा "त्यांना दुसरं काम नाही का?" असं तिनं विचारलं होतं. आधीचं औषध घेतलं की शुक्रवारची संध्याकाळ आणि अख्खा शनिवार बादलीत डोकं घालून ओकण्यात जायचा. सूज मात्र जागची हलायची नाही.

मग शरद ऋतूत हे नवं इंजेक्शन आलं. जाड पेनासारखं, मांडीवर टेकवून दाबायचं. हे सगळ्या सैन्याला बडवत नाही, त्यातल्या चिथावणाऱ्याला तेवढं गप्प करतं म्हणे. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागे. एका बाजूला आजोबांचे खारवलेले हेरिंग मासे, दुसऱ्या बाजूला गळाला लावायच्या गांडुळांचा डबा.

"फ्रिज माशांसाठी असतो, औषधांसाठी नाही," आर्नेआजोबा कुरकुरायचे. त्यांची स्वतःची बोटं जुन्या झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती, पण डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून लाकडं फोडायला जायचे.

पहिल्या काही इंजेक्शनांनी काहीच झालं नाही. मग एका सकाळी टिल्डानं काकडीच्या लोणच्याची बरणी उघडली. उघडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उघडली. तिनं झाकण परत लावलं, परत उघडलं, सहा काकड्या खाल्ल्या आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

कारण ब्रॅडी.

ब्रॅडी तिचा मावसभाऊ, बेट्सीमावशीचा मुलगा, वल्ह्यासारखे हात आणि त्याहून लांब जीभ. गेल्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत टिल्डाच्या गळाला एक दांडगा वॉलाय मासा लागला आणि ऐन वेळी तिची बोटं रीळ फिरवेनात. ब्रॅडीनं 'मदत' म्हणून काठी हिसकावली. आता गळाच्या दुकानात भिंतीवर फोटो होता: ब्रॅडी, मासा आणि कडेला टिल्डाचं कोपर.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तो म्हणाला, "यंदा तुझ्यासाठी काय आणू? घडीची खुर्ची? बसून बघ कसे मासे धरतात ते."

"हाताच्या गिरमिटानं बर्फात भोक पाडायची पैज लाव," टिल्डा म्हणाली. "ज्याच्या भोकातून आधी पाणी वर येईल तो जिंकला. मी जिंकले तर फोटो खाली, आणि बर्फ वितळेपर्यंत माझे मासे तू साफ करायचे. तू जिंकलास तर तुझे मी करीन."

ब्रॅडी इतका हसला की तोंडातला भोपळ्याचा गोड घास त्याच्या नाकात गेला.

अडचण एकच होती. ब्रॅडीनं सराव केला असता तर तो नक्की जिंकला असता. म्हणजे त्याला सराव करावासा वाटताच कामा नये. म्हणून चमचे पडत होते, बुटाच्या नाड्या सुटत होत्या, आणि आई रोज सकाळी तिची वेणी घालत होती. शाळेतून आल्यावर टिल्डा आजोबांचं गिरमिट घेऊन तळ्याच्या मागच्या बाजूला जायची.

"पातं ओलं असतं हल्ली," एकदा आजोबा म्हणाले. "आईला सांगितलंस?"

"आईला सांगितलं की मावशीला कळतं, मावशीला कळलं की ब्रॅडीला. आईच्या तोंडात तीळ भिजतो का आजोबा?"

आजोबांनी मान हलवली आणि गिरमिटाला धार लावून दिली.

स्पर्धा शनिवारी होती, पैजही तेव्हाच. गुरुवारी टिल्डा घरी आली तेव्हा आई दवाखान्यातल्या नर्सशी फोनवर बोलत होती. "नाही, काही फरक नाही. चमचासुद्धा धरता येत नाही तिला. पुढची इंजेक्शनं पाठवू नका मग. हो, सोमवारी आणते. जुनंच परत सुरू करायचं असेल तर करू."

फोन ठेवून आई सिंकपाशी गेली आणि एक स्वच्छ ताटली धूत राहिली. नुसती धूत राहिली.

टिल्डाला आधी बादली आठवली. मग आईचे खांदे दिसले, आणि बादली विसरली.

तिनं कंगवा आणला. "आई, खाली बस."

"आत्ता नको गं."

"बस."

तिनं आईचे केस विंचरले, तीन पेड केले आणि घट्ट, बारीक वेणी घालायला लागली. निम्म्यात आई हलायची थांबली. शेवटचं रबर लावलं तशी ती वळली, टिल्डाचा हात घेतला आणि डॉक्टरीणबाईंसारखा एकेक सांधा दाबून पाहिला.

"करंगळी अजून रुसलेली आहे," टिल्डा म्हणाली. "बाकीची ठीक आहेत."

"कधीपासून?"

"थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून."

"आणि चमचे?"

"नाटक. सुपातला मात्र खरंच चुकून पडला. मी टेबलावर नेम धरला होता."

आई हसली की रडली ते कळलं नाही, पण ओलं फडकं पाठीत बसलं ते कळलं. "मी नर्सला चक्क खोटं सांगितलं तुझ्यापायी. जगाला काय फसवायचं ते फसव, डॉक्टरला आणि मला नाही. कळलं?"

तिनं लगेच नर्सला फोन लावून सगळं सांगितलं. नर्सचं हसू खोलीभर ऐकू आलं. इंजेक्शनं चालू राहणार होती, सोमवारी मात्र तपासायला जायचंच होतं.

मग आईनं बहिणीचा नंबर फिरवला. टिल्डानं डोळे मिटले. गेली पैज.

"काय सांगू बेट्सी," आई म्हणाली आणि आपल्या नव्या वेणीवरून हात फिरवला. "पोरीला केससुद्धा विंचरता येत नाहीत. ब्रॅडीला म्हणावं, जरा हळू घे रे तिच्याशी."

टिल्डानं एक डोळा उघडला.

शनिवारी तळ्यावर इतकी थंडी होती की सोड्याच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून कूलरच्या पेटीत ठेवल्या होत्या. ब्रॅडी एका हातात गरम चॉकलेटचा कप आणि दुसऱ्या हातात खरोखरच घडीची खुर्ची घेऊन आला. आजोबांनी शिट्टी फुंकली.

ब्रॅडीनं आधी चॉकलेट संपवलं. तोवर टिल्डाचं गिरमिट वीतभर आत होतं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तो वेड्यासारखं गिरमिट फिरवायला लागला. ताकद त्याची जास्त होती, पण पातं बोथट होतं आणि गिरमिट सारखं तिरकं जात होतं. मध्येच टिल्डाची करंगळी ठणकली. तिनं ती चहा पिणाऱ्या राणीसारखी वर केली आणि नऊ बोटांनी फिरवत राहिली. खाली काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि काळं पाणी तिच्या बुटांवर आलं.

ब्रॅडी आपल्याच खुर्चीवर बसला. "फसवलंस मला."

"छे रे. औषध घेतलं."

"टिल्डा," मागून आईचा गोड आवाज आला, "घरी गेल्यावर भांडी तुझी. बर्फ वितळेपर्यंत. बोटं छान झाली आहेत ना."

ब्रॅडीला तेवढ्यानं बरंच बरं वाटलं.

आजोबा गिरमिट पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते. मग हातमोजा काढून त्यांनी आपली मूठ मिटून पाहिली. ती अर्ध्यावरच अडली.

"सोमवारी डॉक्टरकडे गाडी मी चालवतो," ते म्हणाले. "सहज. घरी कंटाळा येतो."