होडीची ताडपत्री

गाडीच्या दारांच्या कडांना तिसऱ्यांदा गंज आला तेव्हा मी पाना अंगणात भिरकावला. गोव्याहून आणलेल्या या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचा पत्रा आता कुठेच मिळत नाही. मिळाला तो शेवटचा मी लावून बसलो होतो.

"खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान," बाबा म्हणाले आणि रोजच्यासारखी गाडीवर ताडपत्री ओढू लागले. ती त्यांच्या विकलेल्या होडीवरची. मी दुसरं टोक धरलं तर बोटांना पांढरं काहीतरी लागलं. चाटून पाहिलं. मीठ! म्हणजे रोज संध्याकाळी आम्हीच गाडीवर समुद्र पांघरत होतो.

होडी गेल्यापासून बाबांना झाकायला एवढंच उरलं होतं.

"घट्ट बांद रे," ते म्हणाले.

मी बांधली.