आक्काच्या वहाणांची करकर

माझ्या थोरल्या बहिणीने, बायजाआक्काने, मला वेग दिला; देशाचा संघ, परदेशातली मैदाने, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे, हे सगळे त्यानंतरचे. आक्का आठवते ती आधी कानांना. माघातल्या निवळ उन्हात, आमच्या बोरी गावच्या काळ्या रानात, पिवळ्या पडलेल्या ज्वारीच्या काठाने करकरत येणाऱ्या तिच्या जाड चामडी वहाणा, आणि त्या करकरीमागून संथ पाण्यासारखी पसरत येणारी मेंढरे. पाखरांवर गोफण फिरवताना तिचा हात कानाला घासून आकाशात जाई, कंबर धनुष्यासारखी वळे, आणि दगड सुटल्यावरही तिची बोटे क्षणभर हवेतच राहत, जणू एखादा निरोप सांगायचा राहून गेला आहे. चौथीतून शाळा सुटली आणि मी तो हात पाहत वाढलो. पुढे ज्या चेंडूला मोठमोठे फलंदाज बिचकले, त्यात माझे एवढेच, की मी नीट पाहिले होते.

आमच्याकडे देशमुख मालक दिसले की वहाणा काढून हातात घ्यायच्या. त्यांच्या रानात आमची मेंढरे रात्री बसायची. खत त्यांना, बदल्यात धान्य आम्हाला. हा आमचा संसार, आणि अनवाणी पाय ही त्याची मुकी भाषा.

परभणीच्या मैदानावरचा तो सामना आठवला की, खेळापायी जिथे राहून गेलो त्या विलायतेतल्या या धुरकट गावात आजही कानशिले तापतात. दौऱ्याचा संघ निवडणारे साहेब मांडवात बसले होते. माझे सगळे त्या दिवसावर होते. शेजारच्या खुर्चीत मालक. मी चेंडू टाकायला धावत येण्यासाठी वळलो, नजर त्यांच्यावर गेली, आणि मला कळायच्या आत पायांनी बूट काढून ठेवले. तसाच अनवाणी धावलो. टाच खड्यावर फाटली, चेंडू कुठल्या कुठे भरकटला, मांडव खदखदला.

"धनगराचं पोर! विलायतेला निघालंय, पण सवय कुठं जातीय," मालक म्हणाले. रागाने नव्हे, कौतुकाने. ते कौतुकच जास्त लागले.

तेवढ्यात ती करकर. बायकांच्या घोळक्यातून आक्का उठली होती, आणि खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा, अशी थेट मालकांच्या खुर्चीपुढून चालत येत होती.

"ए बाई! वहाणा काढ, मालक बसलेत!" दिवाणजी ओरडले.

"मेंढरं बी खुरं घालूनच येतेत की मालकाच्या वावरात," आक्का न थांबता म्हणाली. "त्यांला कोन काढा म्हनतंय?"

कुणी तरी फिसकन हसले. तिने माझे बूट उचलून माझ्यापुढे टाकले. "घाल. रडायलास काय येड्या? तू पळायला आलाईस का पाया पडायला?"

त्यानंतरच्या चेंडूचा मला फक्त आवाज आठवतो, यष्टी उखडल्याचा. दौऱ्यासाठी माझे नाव निघाले. त्याच हंगामात मालकांचे रान आमच्या मेंढरांना बंद झाले, आणि मालकांचे पाहून साऱ्या गावाचे. मी बोटीत बसलो तेव्हा आक्का कळप घेऊन गोदावरीपल्याड, राणीसावरगावच्या अंगाला, अनोळखी बांधांवर जागा मागत हिंडत होती. मला मात्र निरोप एकच आला: "मेंढरं बरी हायत. तू पळ."

मी पळत राहिलो. टाळ्या माझ्या वाट्याला आल्या, वणवण तिच्या; आणि प्रत्येक टाळीत मला तिच्या वणवणीची लाज ऐकू येत गेली. आता वेग ओसरला आहे. काळ खांद्यातले बळ नेतो, पण दूर राहिलेल्या माणसाच्या पावलांचा आवाज त्याला नेता येत नाही; तो उलट वाढतच जातो. आक्का, मी येईन. कुणाला न विचारता तुझी मेंढरे बसतील एवढे रान तुझ्या नावावर करीन, आणि त्या बांधावर, तू वहाणा घालून पुढे चालत असताना, मागून कळप मी हाकीन.