नवरीची एंट्री

सिडकोतल्या एका इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली संध्याचा नाचाचा वर्ग भरे. लग्नसराईत तिच्याकडे नवऱ्याच जास्त येत, आणि यंदा साऱ्यांना एकच गाणं हवं होतं.

शब्दांत काही दम नाही, असं संध्याचं मत. जादू होती ती रचनेत. ढोलकी सुरू होते, तिच्याखालून छातीत घुमणारा बेस येतो, लय चढत जाते आणि ऐन भरात सगळं थांबतं. एका श्वासाएवढी शांतता. गाण्याच्या व्हिडिओतली नवरी त्या शांततेत मान वर करून हसते आणि त्या हसण्यावरच ताल पुन्हा कोसळतो. लोकांनी नेमका तो क्षण उचलला. आता मंगल कार्यालयात नवरी नुसती चालत आली तर पाहुणे विचारत, "नाचत नाय आणली व्हय?"

त्या दुपारी चिकलठाण्याच्या रत्नमालाबाई भाचीला घेऊन आल्या. श्रेया देवगाव रंगारीची. उंच, सडसडीत, ओठ घट्ट मिटलेली.

"लई लाजरी हाय, मॅडम. पण शिकंल. लग्नापर्यंत माझ्याकडंच हाय ती."

संध्यानं गाणं लावलं. पहिल्याच खेपेला श्रेयाची पावलं तालावर पडली. गिरकी चोख, हात चोख.

"कुठं शिकलीस गं?"

"गॅदरिंगला. आमच्या बाईंनी बसवलं व्हतं. नववीचा पहिला नंबर आला." तिचे डोळे पहिल्यांदाच चमकले. "मी मधी होते."

"कधीचं हे?"

"आत्ताच की. जानेवारीत."

संध्यानं गाणं बंद केलं. रत्नमालाबाईंनी भाचीला पाणी प्यायला खाली धाडलं.

"वय काय तिचं?"

"अंगानं थोराड हाय."

"वय विचारलं मी."

"पंधरा सरलं." बाईंचा आवाज खाली आला. "तिच्या वर्गातली एक पोरगी पळून गेली, मॅडम. तवापासून हिच्या बापाच्या डोळ्याला डोळा नाय. स्थळ चांगलं हाय. तुम्ही फक्त तिला हसत आणा. व्हिडिओ गावभर फिरंल, मग कोण म्हणंल पोरीला जबरदस्तीनं उभी केली? तेवढं हसू खरं वाटलं पायजे बघा."

किती नवऱ्यांना संध्यानं ते हसू शिकवलं होतं. ते हसू असं राजीखुशीचा पुरावा म्हणून दाखवतात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं मनाची समजूत घातली: आपण नाच शिकवतो. आपण नाही तर दुसरं कुणी शिकवेल. श्रेया रोज येत राहिली. तिनं सगळं केलं, फक्त त्या थांब्यावर ती हसेना.

"लग्नात हसशील ना?"

श्रेया वाकून चपला घालू लागली.

लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं. भावांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून श्रेया निघाली. डीजेवाल्या ऋतुराजनं आवाज वाढवला. लय चढली, थांबली. श्रेयाची मान खालीच राहिली. ताल कोसळला, आणि ती जागच्या जागी उभी.

आपलंच काही चुकलं असं वाटून ऋतुराजनं गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"लाजली ओ नवरी!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. चहूबाजूंनी मोबाइल उंचावलेले होते. प्रत्येक पडद्यावर तिचा चेहरा अगदी जवळून दिसत होता, तरी एकालाही तो वाचता आला नाही.

"जावा, सांगा तिला," रत्नमालाबाईंनी कडेला उभ्या असलेल्या संध्याला पुढं ढकललं.

संध्या चादरीखाली गेली. "श्रेया, नुसती मान वर कर. लगेच संपेल."

"ताई," पोरगी पुटपुटली, "मी हसले तर सगळ्यांना वाटंल, मला चालतंय."

संध्या मागं फिरली. ऋतुराजजवळ जाऊन तिनं गाणं बंद करायला लावलं आणि अचानक सुन्न झालेल्या त्या कार्यालयात, सगळ्यांदेखत, मुलांच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन लावला.

"नाचवायला बोलावलं व्हतं तुम्हाला," श्रेयाचे वडील पुढं येत म्हणाले. "न्याय करायला नाय."

पोलीस आले, अधिकारी आले. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं आईबापांकडून लिहून घेतलं गेलं. श्रेया घरी गेली. पोरगी सुटली, असं संध्याला वाटलं.

वैशाखात रत्नमालाबाईंचा फोन आला. "कळवावं म्हटलं. लागलं लग्न. पाव्हण्यांच्या शेतात, आखाड्यावरच्या खोपटापुढं. घरची चार माणसं. बँड नाय, गाणं नाय, फोटो बी नाय. या बारीला तुमची गरज पडली नाय."

"श्रेया कशी आहे?"



"नांदती," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्यानं पुन्हा मदत क्रमांक फिरवला. सासरचं गाव कोणतं, त्यांनी विचारलं. तिला ते ठाऊक नव्हतं. रत्नमालाबाई नंतर फोन उचलेनात. दुसऱ्या दिवशी ती स्वतः देवगावला जाऊन आली. श्रेयाच्या घराला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

ती परतली तेव्हा गच्चीवर एक आई लेकीला घेऊन वाट पाहत बसली होती. मुलीच्या हातावर ताजी मेंदी होती.

"तेच गाणं पायजे, मॅडम," आई हसून म्हणाली.

संध्यानं आईला खाली बसायला पाठवलं. दार लोटलं. स्पीकरला हात न लावता ती मुलीसमोर जमिनीवर बसली.

"गाणं राहू दे," ती म्हणाली. "आधी तू बोल."